दारची तुळस का वाळते?

गेल्या पौषातील गोष्ट. हरिपाठ आटोपून मंडळी उठत होती, तोच आमच्या दिंडीतील एक मावशी थांबल्या. या मावशी कित्येक वर्षे डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी चालत आल्या आहेत. ऊन म्हणत नाहीत, पाऊस म्हणत नाहीत. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "महाराज, दारातली तुळस पार वाळली. शेजारणी म्हणतात, घरावर काही येणार. सासूच्या जागी मी आहे, पण मीही सुनेला नाही नाही ते बोलले. विटाळ पाळला नसशील, म्हटलं. पोर दोन दिवस जेवली नाही. आता यंदा वारीला जावं का न जावं?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. कारण अपराधात आमचाही वाटा होता. जेथे भक्ती आटते तेथे तुळस वाळते, असे वाक्य आम्ही स्वतः कीर्तनात अनेकदा टाकले आहे. ऐकायला गोड लागते, टाळीही पडते. पण त्या वाक्याने कुणाच्या घरी सुनेला उपाशी झोपावे लागत असेल, हा विचार आमच्या मनाला शिवला नव्हता. म्हणून हा लेख. भाविकांनी तो त्या वाक्याची दुरुस्ती म्हणून वाचावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मावशींच्या दारी गेलो. वृंदावन सिमेंटचे, नवे, सुरेख रंगवलेले. तुळशीच्या काड्या करड्या पडलेल्या, शेंड्यांवर तपकिरी मंजिऱ्यांचे झुपके तसेच. पान एकही नाही. बुंध्याजवळ नखाने साल जराशी खरवडली, तो आत हिरवीगार! तुळस जिवंत होती. थंडीने निजली होती इतकेच. मावशी ती त्याच दिवशी उपटून नदीत सोडणार होत्या.

येथे तुळशीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तुळस हे बाजरीसारखे एका हंगामाचे पीक नव्हे, आणि वडापिंपळासारखे शतायुषी झाडही नव्हे. ती बहुवर्षायू खरी, पण अल्पायुषी. दोन-तीन वर्षे ती सहज जगते, नीट जपली तर चार-पाच वर्षेही काढते, मग थकते. हिची जात उष्ण प्रदेशातील. थंडी हिला सोसत नाही. मार्गशीर्ष-पौषात पाने गळतात, वाढ थांबते. आणि दुसरे असे की, बी धरले म्हणजे पुष्कळ वनस्पती आपले कार्य झाले असे समजून आवरते घेऊ लागतात. तुळशीचेही तसेच आहे. सगळ्या मंजिऱ्या झाडावर ठेवल्या की सगळा जीव बियांत जातो, फांद्या लाकडासारख्या होतात आणि नवी पालवी थांबते. तेव्हा तुळशीविवाहाच्या सुमारास मंजिऱ्यांनी लहडलेली तुळस पुढे महिना-दीड महिन्यात उघडी पडली, तर त्यात अपशकुन कसला? सुनेचा तर नाहीच नाही.

मावशींना विचारले, "मंजिऱ्या खुडता की नाही?" त्या दचकल्याच. "देवाच्या झाडाला नख कसं लावायचं, महाराज?" ही भावना आम्ही मोडीत काढणार नाही. परंतु विठोबाला आपण काय वाहतो? तुळशीदळ आणि मंजिरीच ना? जी खुडणी पूजेला हवी तीच झाडालाही हवी आहे. द्वादशीला तुळस तोडू नये ही चाल आहे, ती जरूर पाळावी. कुणाकडे आणखी काही वार-तिथ्या पाळतात, त्याही पाळाव्या. बाकीच्या दिवशी सकाळी स्नान झाल्यावर कोवळी मंजिरी खालच्या दोन पानांसकट हलक्या हाताने खुडावी. जेथे एक शेंडा खुडला तेथे पानांच्या बेचक्यांतून दोन फुटतात. आषाढापासून भाद्रपदापर्यंत असे केले की काठीसारखी उंच वाढणारी तुळस आटोपशीर, घेरदार होते.

मग सगळ्याच मंजिऱ्या खुडाव्या काय? नाही. येथेच आमचे खरे सांगणे आहे.

आश्विन-कार्तिकात एखाद्या सकाळी आठ-नऊच्या सुमारास तुळशीपाशी स्वस्थ बसावे. माळ हातात असू द्यावी, हरकत नाही. मंजिरीवर मजल्या-मजल्याने जांभळट पांढरी फुले उमललेली असतात. एकेक फूल तांदळाच्या दाण्याएवढे, पण त्यात मधुरस असतो, आणि त्यासाठी जी यात्रा भरते ती पाहण्यासारखी असते. डोंगरकपारीत, झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी माशी येते. एकच उघडे पोळे लावणारी चिमुकली फुलोरी येते. नांगी नसलेली, मुंगीएवढी काळी पोयाची माशी येते. पोटावर निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशीही येते; ती पोळे करीत नाही, मातीत बीळ करून एकेकटी राहते. ती फुलाशी थबकते, गूं असा आवाज करते आणि निघून जाते. यांपैकी कोणीही, आपण छेड काढली नाही तर, तुळशीपाशी बसलेल्या माणसाच्या वाटेला जात नाही. (आग्या माशीचे पोळे मात्र दुरूनच नमस्कार करण्याची गोष्ट आहे, हे मुलांना सांगून ठेवावे.)

या माश्या केवळ मध गोळा करतात असे नव्हे. भोपळा, दोडका, कारले यांच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. एकावरचे पराग दुसऱ्यावर नेणारे कुणी नसेल तर फळ धरत नाही; मादी फुलाखालची कोवळी गाठ पिवळी पडून गळते. कांद्याच्या बियाण्याचा सगळा मामला माश्यांवर आहे. गोंडे कितीही भरघोस आले आणि माशी फिरकली नाही, तर बी पोचट निघते. आमच्या माळकरी मंडळींत शेतकरी पुष्कळ, त्यांना हे अनुभवाने ठाऊकच आहे. परंतु बांधावरची झुडपे गेली, रानफुले तणनाशकाने गेली, फुलोऱ्यावर औषध मारण्याची सवय वाढली. माशीला दोन पिकांच्या मधल्या काळात खायला काय उरले? पावसाळा सरल्यावर बरेच दिवस फुलत राहणारी तुळस हा त्या काळातला तिचा शिधा आहे. वारकऱ्याच्या पंगतीतून कुणी उपाशी उठत नाही; मग दारातल्या या पंगतीतून माशीलाच का उठवावे?

म्हणून आम्ही असे करतो. दारातली तुळस देवाची; तिच्या मंजिऱ्या बहुतेक खुडायच्या, चारांतील एखादी ठेवायची. परसात किंवा बांधावर आणखी पाच-सात तुळशी लावायच्या, त्या माश्यांच्या. त्यांना कार्तिकात हात लावायचा नाही. जागा एकाच कुंडीची असेल तर आश्विनापासून अर्ध्या मंजिऱ्या ठेवाव्या. मार्गशीर्षात त्या तपकिरी झाल्या की कागदावर झाडून बी घ्यावे. एका फुलामागे चार बारीक बिया असतात. दोन-चार मंजिऱ्यांचे बी साऱ्या आळीला पुरते.

बाजारातून बी आणताना जरा सावध असावे. पाण्यात टाकताच फुगून पांढऱ्या गराचे गोळे होते, ते काळे ठसठशीत बी सब्जाचे. तेही तुळशीच्याच गोत्यातले, पण झाड एका हंगामाचे. आपल्या तुळशीचे बी त्याहून पुष्कळ बारीक आणि तांबूस असते. वैशाखाच्या अखेरीस पसरट कुंडीत मऊ माती घेऊन, बियांत बारीक वाळू मिसळून भुरभुरावे. वर माती लोटू नये, नुसता हात फिरवावा. खोल गेलेले बी वर येत नाही. वरून तांब्या ओतू नये, पाणी शिंपडावे. आठ-पंधरा दिवसांत रोपे दिसतात. चार-सहा पाने झाली आणि पाऊस लागला की हलवावी. पावसाळ्यात वीतभर कोवळी फांदी मातीत खोचली तरी मुळे धरते.

आता वृंदावनाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण निम्म्या तुळशी तेथेच मरतात असे आमचे मत झाले आहे. मावशींच्या नव्या वृंदावनाला तळाशी भोकच नव्हते. गवंड्याने चारी बाजूंनी नक्षी काढली, लक्ष्मी-नारायण कोरले, आणि पाणी निघायला वाट ठेवायची विसरला! वरून घरातली चार माणसे रोज एकेक तांब्या घालणार. मुळे कुजणार नाहीत तर काय होईल? तळाला भोक असावेच. त्यावर खापरीचे तुकडे, मग दोन वाटे पोयट्याची माती, एक वाटा कुजलेले शेणखत, एक वाटा वाळू. नुसती काळी माती घालू नये; ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. माती निदान हातभर खोल असावी. माती बोटाला ओली लागत असेल त्या दिवशी पळीभर पाणी घालून नमस्कार करावा. भाव पोचतो आणि तुळसही वाचते. अभिषेकाचे दूध, हळदकुंकू, उदबत्तीची राख आणि समईचे सांडलेले तेल बुंध्याशी ओतू नये. दिवा वृंदावनाच्या कोनाड्यात ठेवावा. पानांखाली ठेवला की ती होरपळतात. चुना देताना मातीवर फडके घालावे.

कधी पाने आकसतात, टिपक्यांची होऊन सुकतात; पालथी करून पाहिली तर जाळीदार पंखांचे बारीक किडे दिसतात. ते शेंडे कापून जाळावे, पानांच्या पाठीवर पाण्याचा जोराचा शिपका द्यावा. तेवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारावी. शेतातला पंप आणून विषारी औषध मारू नये. हीच पाने तीर्थात पडायची आहेत आणि हीच फुले माशी चाखायची आहे.

वारीला तुळस न्यायची तर ती त्याच कुंडीत दोन महिने आधी रुजलेली असावी. निघायच्या आदल्या दिवशी घाईने बसवलेले रोप अडीचशे किलोमीटरच्या वाटेत तग धरीत नाही. मुक्कामाला तंबूत कोंडू नये, मोकळ्या हवेत ठेवावे.

आणि तुळस खरोखरच संपली, म्हणजे नखाने पाहिले तर साल बुंध्यापर्यंत कोरडी, काडी कटकन मोडते, तर शोक करू नये. जून बुंधा जपून ठेवावा. पंढरपुरात काशीकापडी समाजाची माणसे पिढ्यान्पिढ्या तुळशीच्या काष्ठाच्या माळा करीत आली आहेत; तो मणी अशाच पिकल्या खोडाचा असतो. दोन वर्षे जपलेल्या झाडालाच तसे खोड होते.

मावशींच्या तुळशीचे काय झाले, हे विचारणारच तुम्ही. वृंदावनाला छिन्नीने भोक पाडले. थंडी ओसरेपर्यंत काही केले नाही. माघ सरताना वाळल्या काड्या हिरव्या भागापर्यंत छाटल्या. चैत्रात बुंध्यापासून पालवी फुटली. ती पहिल्यांदा सुनेला दिसली. मावशी आषाढीला गेल्या, आणि जाताना पाण्याचा तांब्या तिच्या हाती देऊन गेल्या.