गोबर गॅसचे बांधकाम पावसाआधी उरका

रब्बीची काढणी आटोपली की शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. गोबर गॅस बांधायचा असेल तर हाच काळ धरा. भूजल खोल गेलेले असल्याने खड्ड्याला पाणी लागत नाही, आणि उबेमुळे जिवाणू लवकर कामाला लागतात. त्यांना ३५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. पौषातल्या थंडीत भरलेली टाकी गॅस द्यायला फार वेळ घेते.

आधी गोठ्यातले शेण मोजा. एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. गोठ्यात बांधलेल्या मोठ्या जनावरामागे १० किलो धरले, तर पाच जनावरांवर दोन घनमीटरचे संयंत्र चालते आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. जनावरे दिवसभर रानात असतील तर हिशेब निम्म्यावर आणा. शेजाऱ्याने मोठे बांधले म्हणून आपणही मोठे बांधू नये. शेण कमी पडले की टाकी आधी उपाशी राहते आणि मग बंद पडते.

घरगुती वापराला १९८४ मध्ये पुढे आलेला ‘दीनबंधू’ नमुना मला सर्वांत योग्य वाटतो. सगळे बांधकाम जमिनीखाली, आणि लोखंडी टोपण नसल्याने गंजाची काळजी नाही. मात्र सगळी भिस्त गवंड्यावर. साधी घरे बांधणारा गवंडी इथे चालत नाही; घुमट बांधलेला, अनुभवी माणूसच शोधा. विटा पक्क्या भाजलेल्या आणि भिजवून घेतलेल्या हव्यात. घुमटाच्या आतले प्लास्टर एका दमात न करता थराथराने, घोटून करावे, कारण पाणी अडवणाऱ्या भिंतीतूनही गॅस निसटतो. उन्हाळ्यात खरा धोका इथेच आहे: कडक उन्हात प्लास्टर तडकते. ओली पोती टाकून किमान दोन आठवडे पाणी मारा. मग टाकी पाण्याने भरून पातळीवर खूण करा. पातळी उतरत राहिली तर गळती आहे. ती बुजवल्याशिवाय शेण टाकू नका.

विहिरीपासून दूर, स्वयंपाकघराच्या जवळ आणि झाडांच्या मुळांपासून लांब, अशी उन्हाची जागा निवडा.

पहिल्या भरणीला शेण आणि पाणी समप्रमाणात कालवा. काडीकचरा, खडे, माती काढून टाका. चालू संयंत्रातली थोडी मळी मिळाली तर विरजणासारखी घाला. सुरुवातीचा गॅस नीट पेटत नाही, त्यात हवा मिसळलेली असते. तो जाळापासून दूर सोडून द्या. फिनेल, साबणाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नका. नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून कधीही नाही.

अनुदानाची चौकशी खड्डा खणण्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. आणि टाकी रिकामी झाली तरी साफसफाईला आत उतरू नका, कोणाला उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरलेला माणूसही दगावतो.