चित्रांत दिसणारा व न दिसणारा कर्करोग

मुखापासून कंठापर्यंतच्या वीतभर जागेंत निसर्गानें जितकीं कामें दाटीनें बसविलीं आहेत, तितकीं शरीराच्या इतर भागांत क्वचितच आढळतील. श्वास येथूनच जातो, घास येथूनच उतरतो, शब्द येथूनच निघतो. अशा ठिकाणीं कर्करोग झाला असतां तो समूळ काढावा, तर वाचा जाण्याचें भय. हात आखडता घ्यावा, तर रोग मागें राहण्याचें भय. हरळीचें पातें वर बोटभर दिसतें, पण तिचें मूळ किती दूर गेलें आहे हें खणल्यावांचून कळत नाहीं. जिभेवरील व्रणाचेंहि तसेंच आहे. आणि जीभ कांहीं खणून पाहतां येत नाहीं.

ही अडचण दूर होण्याचा मार्ग ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं उघडला. त्या दिवशीं जर्मनींतील वुर्ट्झबर्ग येथें प्रोफेसर राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. परंतु साध्या क्ष-चित्रांत पुढचीं व मागचीं हाडें एकमेकांवर पडतात, आणि मांसल भागाविषयीं फारच थोडें कळतें. पुढें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील विंबल्डन येथील एका रुग्णालयांत, गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनीं रचलेल्या यंत्रानें प्रथमच एका रोग्याच्या डोक्याचें चित्र घेण्यांत आलें. हें यंत्र चोहोंबाजूंनीं किरण सोडतें, आणि गणकयंत्र त्यांवरून, काकडीच्या चकत्या कराव्या त्याप्रमाणें, शरीराची एकेक चकती चित्ररूपानें मांडतें. यासच सी. टी. म्हणतात.

जबड्याचें हाड पोखरलें आहे काय, हें सी. टी. चांगलें सांगते. रोग जिभेच्या स्नायूंत किती रुतला आहे, किंवा एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनें वर सरकत आहे काय, हें एम. आर. आय. अधिक स्पष्ट दाखविते. तींत क्ष-किरण नसून बलवान् चुंबक व रेडिओलहरी यांचा उपयोग केलेला असतो. पेट नांवाच्या तपासणींत रोग्यास किंचित् किरणोत्सर्गी केलेला साखरेसारखा पदार्थ टोंचून देतात. कर्कपेशी मोठ्या अधाशी असल्यामुळें त्या तो भराभर ओढून घेतात व चित्रांत चमकूं लागतात. मात्र मेंदूहि साखरेचा तितकाच लोभी, आणि सुजलेली जागाहि चमकते. तेव्हां प्रत्येक ठिणगीस कर्करोग समजणारा वैद्य फसावयाचाच. रोग कर्कच आहे किंवा नाहीं, याचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलेला तुकडाच देतो.

मग चित्रावर कितपत विसंबावें? या प्रश्नाचीं दोन उत्तरें मिळालीं आहेत, आणि तीं वरवर पाहतां परस्परविरुद्ध आहेत. २०१६ सालीं इंग्रज वैद्यांनीं ५६४ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. या सर्वांचा रोग मानेच्या गांठींत पसरलेला होता, व सर्वांस औषधें आणि किरणोपचार देण्यांत आले. निम्म्यांच्या गांठी शस्त्रक्रियेनें काढावयाच्या असें आधींच ठरलें होतें. उरलेल्यांचें पेट-चित्र उपचारानंतर १२ आठवड्यांनीं घेतलें व संशय असेल तरच शस्त्र चालविलें. (इतकें थांबण्याचें कारण असें कीं, त्यापूर्वीं किरणांनीं आलेली सूजच चमकते.) पहिल्यांवर २२१, तर दुसऱ्यांवर अवघ्या ५४ शस्त्रक्रिया झाल्या; आणि दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचें प्रमाण पहिल्यांत शेंकडा ८१.५ व दुसऱ्यांत ८४.९ होतें. मानेच्या शस्त्रक्रियेनें खांदा उतरतो, हात वर होईनासा होतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या आंकड्यांचें मोल सांगावयास नको.

दुसरें उत्तर आपल्या मुंबईचें. १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा मेमोरिअल रुग्णालयानें २०१५ सालीं मुखाच्या प्रारंभिक कर्करोगाच्या ५०० रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. यांच्या मानेंत हाताला गांठ लागत नव्हती. कांहींच्या मानेंतील ग्रंथि पहिल्याच वेळीं काढल्या. इतरांच्या बाबतींत गांठ दिसेपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्यांची नियमानें तपासणी होत होती, कित्येकांची सोनोग्राफीहि होत होती. तरीहि तीन वर्षांनंतर पहिल्यांपैकीं शेंकडा ८०, तर दुसऱ्यांपैकीं शेंकडा ६७.५ जिवंत राहिले. ग्रंथींत दडलेल्या चिमूटभर पेशी बोटांना लागत नाहींत व चित्रांतहि उमटत नाहींत. त्या दिसूं लागेपर्यंत वेळ निघून जाते.

या दोहोंत विरोध नाहीं, असें माझें मत आहे. इंग्रज वैद्यांनीं चित्रास विचारलें तें हें, कीं पूर्वीं दिसलेला रोग आतां गेला काय? मुंबईच्या रोग्यांत प्रश्न होता तो अजून न दिसलेल्या रोगाचा. पहिल्याचें उत्तर यंत्र बरेंच विश्वासानें देऊं शकतें, दुसऱ्याचें नाहीं.

मुखाच्या रोगांत मात्र एक सोय अशी आहे कीं, आरंभीं यंत्र लागतच नाहीं. दिवा व आरसा पुरतो. तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, पांढरा अथवा तांबडा चट्टा, हीं आरशांत दिसतात. तोंड उघडून स्वतःचीं तीन बोटें उभीं पुढच्या दांतांमध्यें घालून पाहावीं. निरोगी माणसाच्या तोंडांत तीं सहसा बसतात. घरांतील सुपारी किंवा तंबाखू खाणाऱ्या वडील मंडळींच्या तोंडांत तीं बसेनाशीं झालीं असतील, तर त्यांस त्याच आठवड्यांत दंतवैद्याकडे न्यावें.