भाकरी आमटीत बुडवून

जुलै 2021 च्या पुरात माझे वडील, अण्णा, भाकरी आमटीत बुडवून खायला लागले. मी समोरच जेवायला बसलो होतो. आईने विचारलं, "अहो, कोरडी जाईना होय?" ते म्हणाले, "दमलोय गं, चावायचा कंटाळा आलाय." आम्ही मान डोलावली आणि विषय संपला.

दमलेले होते हे खरंच. आमच्या कोल्हापूरच्या कळंब्याला पूर लागत नाही, पुराचं काम लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की खालच्या भागातली माणसं घरं सोडून वर येतात आणि उपसा केंद्रं बुडाली की शहराचे नळ कोरडे पडतात. मग अण्णांची धावपळ सुरू व्हायची. गल्लीगल्लीतून भाकऱ्या गोळा करायच्या, वर्तमानपत्रात ठेच्यासकट बांधायच्या आणि टेम्पोत भरायच्या. 2019 च्या महापुरातही त्यांनी हेच केलं होतं.

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ते मोल्डर होते. पाळी संपवून आले की हातावरची काळी वाळू धुवायच्या आधी माझी आणि बहिणीची वही बघायचे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनी आम्हाला विहिरीत पोहायला शिकवलं. आणि रात्री कुणी दार वाजवलं की शर्ट अडकवून निघायचे. कुणाला सीपीआर रुग्णालयात न्यायचं असायचं, कुणाला रक्त हवं असायचं, कुणाच्या दारात तिरडी बांधायची असायची. या प्रत्येक कामात खिशातली तंबाखू-चुन्याची डबी बरोबर असायची. गणपतीच्या मांडवात रात्री जागताना ती हातोहात फिरायची. एकाने मळायची, चौघांनी बार भरायचा. आपलेपणाची खूण म्हणूनच आम्ही त्या डबीकडे पाहत आलो.

माझ्या मनात आजही सलतं ते आरोग्य शिबिर. मंडळातर्फे दर उन्हाळ्यात शिबिर व्हायचं. डोळे, साखर, रक्तदाब आणि एका टेबलावर दातांचे डॉक्टर. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना हाताला धरून त्या टेबलापर्यंत नेणारे अण्णाच असायचे. "काकू, आ करा, घाबरू नका." ते स्वतः त्या खुर्चीत एकदाही बसले नाहीत. तोवर त्यांच्या डाव्या गालाच्या आत, जिथे ते तंबाखूची गोळी धरत, पांढरा चट्टा आला असणार. दुखत नव्हता. सुरुवातीला तो दुखत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

पूर ओसरला. तिखट झोंबायला लागलं तेव्हा त्यांनी तंबाखू सोडली आणि नुसती सुपारी सुरू केली. आम्हाला बरं वाटलं. सुपारीही एकटीच कर्करोगाला पुरेशी आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सांगितलेलं होतं. आमच्यापर्यंत ते पोहोचलं नव्हतं. सुपारीने गालाचं आतलं कातडं ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. अण्णांच्या तोंडाने तर त्याआधीच त्रास द्यायला सुरुवात केली होती, आमटीतल्या भाकरीचा अर्थ तो होता.

दिवाळीपर्यंत गालात जखम झाली. जवळच्या एका दवाखान्यात लावायला मलम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. तीन आठवडे त्यात गेले. दुसऱ्या ठिकाणी दाताचं टोक लागतंय म्हणून दात घासून दिला. मग तपासणीसाठी तुकडा काढायचं ठरलं, तेव्हा नातेवाईक जमले. "सुई लावली की पसरतंय," असं एकाने सांगितलं आणि सगळ्यांनी ते उचललं. एका गावात औषधाची पुडी मिळते म्हणून अण्णांना तिकडे नेलं. महिना गेला. गाडी मीच चालवत होतो.

हे स्पष्ट सांगतो, तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय आजाराचं नाव कळत नाही आणि नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. आमच्या हातून निसटला तो नेमका हाच वेळ. जानेवारी 2022 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचलो, तोवर मानेत गाठ आली होती. वेळेत आलेल्याचा बराचसा आजार एका शस्त्रक्रियेत आटोपतो. अण्णांच्या जबड्याचा भाग, मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या, छातीचं मांस घेऊन गाल बांधला, पुढे सहा आठवडे आठवड्याला पाच दिवस किरणोपचार झाला. तोंडाची लाळ आटली. नाकातल्या नळीतून पातळ केलेलं अन्न जायचं. पुरात शेकडो माणसांच्या ताटात भाकरी पोहोचवणाऱ्या माणसाला पुढे कधीच भाकरी खाता आली नाही.

मुंबईत राहायचं कुठे, हा प्रश्न कोल्हापूरहून जाणाऱ्या प्रत्येक घराला पडतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्णांची सोय होते, टाटातले समाजसेवक तिथली चौकशी करून देतात. आम्हाला हे उशिरा कळलं, तोवर लॉजवर बरेच पैसे गेले. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठायचं आणि मंजुरी आधी घ्यायची. आम्ही घाईत दागिने मोडले, कागद नंतर शोधले. तुम्ही उलट करा. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे, तिचा दाखला रुग्णालयातूनच मिळतो.

2023 च्या उन्हाळ्यात अण्णा गेले. आजार परत आला होता. शेवटच्या महिन्यात बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचे. एकदा मंडळातली पोरं भेटायला आली. अण्णांनी एकाच्या खिशावर बोट ठेवलं. त्याने डबी काढून दिली. अण्णांनी ती आपल्या उशाखाली ठेवली आणि पाटीवर लिहिलं, "माझ्याकडनं शिकलास." तो पोरगा बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. त्याने तंबाखू सोडली आहे. बाकीच्यांचं तसं म्हणता येणार नाही.

याच मातीतल्या आर. आर. पाटलांचं, अंजनीच्या आबांचं, काय झालं ते सगळ्यांना आठवतं. ग्रामस्वच्छता अभियानासाठी गावंच्या गावं हलवणारा माणूस 16 फेब्रुवारी 2015 ला तोंडाच्या कर्करोगाने गेला. तेव्हा अण्णांनी हळहळून पेपर घडी घालून ठेवला आणि डबी उघडली. मी हे पाहिलेलं आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या मरणाने न सुटलेली सवय घरच्यांच्या नुसत्या बोलण्याने सुटत नाही. तिला मदत लागते. 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक त्यासाठीच आहे. आणि बायकांनी हे पुरुषांचं म्हणून सोडून देऊ नये. सकाळी मिसरी लावणाऱ्या माझ्या आईलाही तोच धोका होता. अण्णांच्या आजारपणात तिने ती बंद केली.

लोकांसाठी धावणाऱ्या माणसाला आपलं दुखणं सांगायला लाज वाटते. त्याच्या घरच्यांना त्याचा अभिमान असतो आणि अभिमानापोटी तेही बघत नाहीत. म्हणून आपणच बघायचं. चांगल्या उजेडात दोन्ही गालांची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, उगाच हलणारा दात, मानेतली गाठ, यातलं काहीही दिसलं तर पुडी नको, मलम नको. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा मुखरोगाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते पाहा, जात नसतील तर तेही दाखवा.

मंडळांच्या आणि तालमींच्या कार्यकर्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा शिबिर घ्याल तेव्हा रांग लावायच्या आधी त्या खुर्चीत तुम्ही बसा.