औषधाचे विरजण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या व मलमे तयार होतात. परंतु गोळी बनविणे ही औषधनिर्मितीची अखेरची पायरी होय. त्यातील मूळ औषधी द्रव्य आधी तयार व्हावे लागते आणि अनेक औषधांच्या बाबतीत हे काम सूक्ष्मजीव करतात.

घरोघरी दुधाला विरजण लावतात. विरजण चांगले, तर दही चांगले. कारखान्यातील किण्वनाचे तत्त्वही हेच आहे. निर्जंतुक केलेल्या मोठ्या टाक्यांत साखर व नत्रयुक्त खाद्य घालून निवडक सूक्ष्मजीव वाढवितात. हवा, तापमान व आम्लता यांवर अहोरात्र लक्ष ठेवावे लागते. बाहेरचे जंतू शिरल्यास सारी टाकी वाया जाऊ शकते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला; तथापि त्यांच्या बुरशीपासून औषध अत्यल्प मिळे. १९४३ मध्ये अमेरिकेत एका खरबुजावर अधिक उत्पादक बुरशी सापडली. क्ष-किरण व अतिनील किरणांच्या माऱ्याने तिच्यात बदल घडवून उत्पादन अनेक पटींनी वाढविण्यात आले. भारतात जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

किरणांनी होणारा बदल आंधळा असतो. जनुकतंत्राने तो हेतुपूर्वक करता येऊ लागला. पूर्वी इन्शुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात यश आले व १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. महाराष्ट्रातील वोक्हार्ट कंपनीने यीस्टच्या साहाय्याने बनविलेले मानवी इन्शुलिन २००३ मध्ये बाजारात आणले.

हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. १९९० नंतर स्वस्त आयातीपुढे देशातील पेनिसिलिनचे किण्वन टिकले नाही. गोळी देशात बने, मूळ द्रव्य मात्र परदेशातून येई. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडा येथे हे उत्पादन पुन्हा सुरू झाले. आयात थांबली, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातील औषधही संपते. म्हणून गोळीबरोबर तिचे विरजणही आपलेच असावयास हवे. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला दह्याच्या वाटीपासून या पाठाचा आरंभ करता येईल.