सोनूच्या अर्जाबद्दल

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)

चि. सोनूस,

ताईने तुझा डीओच्या, म्हणजे तिथल्या ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांच्या, अर्जाचा निबंध पाठवला. इंग्रजी झकास आहे, पण पहिला परिच्छेद खोडून टाक. लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ सगळ्याच अर्जदारांना असते. मिळणार ५३०० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. त्यात ही ओढ कशाला?

२०१९ च्या पुराचा प्रसंगही नको. उल्हास नदीचं पाणी आपल्या पाड्यात शिरलं तेव्हा तू न्यू जर्सीत होतीस, ऐकलंस ते फोनवर. मुलाखतीत कुणी जरा खोलात शिरलं की तुझी बोलती बंद होईल.

त्यापेक्षा मागच्या डिसेंबरात माझ्या दवाखान्यात पाहिलंस ते लिही. मान धरलेल्या त्या बाई आठवतात? मानेला हात लावण्याआधी मी विचारलं, लोकलमध्ये बसायला मिळतं का, पर्स कुठल्या खांद्यावर असते, रात्री उशी केवढी घेता. मग चाचपून दुखरी जागा शोधली. तू हे सगळं वहीत टिपलंस आणि निबंधात एक ओळ नाही! 'डीओच का?' याचं तुझं उत्तर तिथेच आहे. मात्र मी साधा एमबीबीएस, माझ्या तपासण्याला ऑस्टिओपॅथी म्हणू नकोस. त्यासाठी तिथल्याच एखाद्या डीओ डॉक्टरांकडे जाऊन बस. काही कॉलेजं त्यांचं शिफारसपत्रही मागतात.

ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू स्टिल यांची तीन मुलं १८६४ मध्ये मेंदूज्वराने गेली, तेव्हाच्या औषधोपचारांवरून त्यांचं मन उडालं आणि १८९२ मध्ये त्यांनी कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं. हे ठाऊक हवं, पण पाठ म्हणून दाखवू नकोस. समोरच्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असतं. ऑस्टिओपॅथीतले हातांनी करायचे सगळेच उपचार सारखे सिद्ध झालेले नाहीत. कवटीच्या हाडांवरच्या उपचाराला तर पुरावा तोकडाच आहे. विचारलं तर तसंच सांग. एमडीलाही अर्ज करते आहेस, तेही लपवू नकोस. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यता एकच आहे, त्यात ओशाळण्यासारखं काय?

निबंधासाठी एक नमुना सांगतो. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं, तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. त्यात मोघम परोपकार नव्हता. इथल्या बायका पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असं त्यांनी कळवलं. १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. ते पत्र मिळवून वाच. नक्कल करू नकोस, शिकण्याचं कारण किती नेमकं सांगता येतं तेवढं बघ.

डीओ कॉलेजांचा सामाईक अर्ज मे महिन्यात खुला होतो आणि अर्ज येतील तशा मुलाखती लागत जातात, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस. आणि सराव ताईसमोर नको, ती तू तोंड उघडायच्या आधीच 'छान' म्हणते. रविवारी तुझ्या सकाळी फोन कर. दवाखाना बंद असतो, मी उलटतपासणी घेईन.

तुझा मामा