आधी माल की आधी जमा? यंत्राला क्रम कसा कळतो

शिरूरच्या पेठेत आम्ही कापडाचा धंदा करतो. उधारीची दोन खाती पाहा. पहिल्या गिऱ्हाइकाने १०,००० रुपयांचा माल नेला, तेवढे जमा केले, पुन्हा माल नेला, पुन्हा जमा केले, मग तिसऱ्यांदा माल नेला. दुसऱ्याने तीन वेळा १०,००० चा माल आधीच उचलला आणि शेवटी दोनदा १०,००० भरले. दोघांचीही बाकी १०,०००. पुढचा माल कोणाला द्यावा हे बेरीज सांगत नाही, क्रम सांगतो.

यंत्राची अडचण हीच. आकडे एका गाठोड्यात बांधून दिले तर आधी काय, नंतर काय हे त्याला उमगत नाही.

यावर दोन वाटा निघाल्या. त्या समजायला दौंड जंक्शनवर चला. फलाटावर उभा माणूस जाणाऱ्या मालगाडीचा एकेक डबा पाहतो व मागचे मनात ठेवतो. गाडी लांब असली की पहिले डबे विसरतो. जुनी यंत्रे अशीच विसरत. १९९७ साली होखराइटर व श्मिडहुबर यांनी 'एलएसटीएम' ही रचना मांडली, तेव्हा कामाची गोष्ट जास्त वेळ धरून ठेवणे यंत्राला जमू लागले.

दुसरी वाट म्हणजे पुलावरून सारी गाडी एकदम पाहणे. २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' रचना मांडली. तीत प्रत्येक शब्द बाकीच्या शब्दांशी ताडला जातो. पण सगळे एकदम पाहिले की क्रम हरवतो. म्हणून डब्यावर खडूने अनुक्रमांक घालावा तशी प्रत्येक शब्दाला त्याच्या जागेची खूण आकड्यांत जोडतात.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. संगणक मात्र दोन्ही वाचनाच्या क्रमानेच साठवतो. दिशा निराळी, क्रम निराळा.

मग यंत्र शिकते कसे? पुढची नोंद झाकायची, अंदाज करायला लावायचा, चुकला की आतले आकडे थोडे सुधारायचे. असे लाखो वेळा.

आता आमची चूक सांगतो. आम्ही पूर्वी आठवड्याच्या पावत्या एकाच तारखेला रोजमेळात चढवत असू. बेरीज बरोबर, क्रम खोटा. असा रोजमेळ यंत्राला शिकवला तर वेळेवर पैसे देणारे गिऱ्हाईकही बुडवे ठरेल. तेव्हा यंत्र घ्या अथवा घेऊ नका, नोंद त्याच दिवशी व खऱ्या तारखेने करा.