कुटुंबाच्या सहलीचे नियोजन : इयत्ता चौथीसाठी एक पाठ

चौथीच्या परिसर अभ्यासात प्रवास, नकाशा, आहार व आरोग्य हे घटक निरनिराळ्या पाठांतून येतात. गणितात वेळ, अंतर आणि पैसा यांची उदाहरणे स्वतंत्रपणे सोडविली जातात. मुलांच्या मनात मात्र हे विषय एकमेकांस क्वचितच भेटतात. ते एकत्र यावेत यासाठी लहान भावंडांसह एका मुक्कामाची सहल आखण्याचा पाठ अतिशय सोयीचा आहे. सहल प्रत्यक्ष निघाली नाही तरी हरकत नाही. पाठ कागदावर पूर्ण होतो.

स्थळ म्हणून नवेगाव बांध घ्यावे. ते गोंदियापासून सुमारे 65 किलोमीटरवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, डोंगर व अरण्य यांच्या कुशीत आहे. येथील तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पटेल कोहळी याने बांधविला असे सांगतात. भोवतालच्या वनास 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व 2013 साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. ज्यांच्या गावी बोडी किंवा मालगुजारी तलाव आहे, त्या मुलांना पाळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या गावच्या पाळीसारखीच पण दोन डोंगरांच्या मध्ये घातलेली पाळ, एवढे म्हटले की चित्र उभे राहते.

पाठाच्या प्रारंभी फळ्यावर एक कल्पित कुटुंब लिहावे : वडील, आई, 76 वर्षांची आजी, 9 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि 3 वर्षांचा धाकटा. मुक्काम गोंदिया, प्रवास एस. टी. बसने. 'या कुटुंबाने काय काय पाहावे?' असा प्रश्न विचारून मुले सांगतील ते सर्व फळ्यावर लिहून घ्यावे. या वेळी काहीही खोडू नये. नवेगावच्या जोडीला नागझिरा, इटियाडोह धरण, प्रतापगड, हाजरा धबधबा, कचारगड अशी नावे बहुधा येतील. त्यानंतर जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून प्रत्येक स्थळी खूण करण्यास सांगावे. सालेकसा तालुक्यातील हाजरा व कचारगड कोठे आणि दक्षिणेकडील नवेगाव कोठे, हे दिसताच दोन नावे मुले आपण होऊन खोडतील. उरलेली नावे घड्याळ खोडील.

येथे पाठाचे मुख्य सूत्र सांगावे. सहलीचे वेळापत्रक घरातील सर्वांत लहान मुलाच्या दिवसावरून आखावयाचे असते. मोठी माणसे सामान्यतः याच्या उलट करतात. पाहण्याच्या स्थळांची यादी प्रथम होते आणि मूल त्या यादीमागे ओढले जाते. दुपारची झोप बुडते, जेवण तीन वाजता होते, पाणी मिळेल तेथील प्यायले जाते, आणि परतल्यावर मूल आठवडाभर आजारी पडते. म्हणून प्रथम धाकट्याचा दिवस लिहून काढावा. तो केव्हा उठतो, केव्हा जेवतो, केव्हा झोपतो, किती चालतो? ज्यांच्या घरी लहान भावंड आहे ती मुले ही माहिती दुसऱ्या दिवशी घरून आणतील, आणि ती शिक्षकाजवळील कोणत्याही पुस्तकाहून अचूक असेल.

'किती चालतो' या प्रश्नाचे उत्तर मैदानावर काढावे. शंभर मीटर अंतर दोरीने मोजून आखावे. एका मोठ्या माणसास ते चालावयास लावावे; साधारण दीड मिनिट लागेल. मग शेजारच्या अंगणवाडीतील एखाद्या बालकास, ताईंच्या संमतीने व त्यांच्याच सोबतीने, तेच अंतर चालू द्यावे. त्याला घाई करू नये. ते खडा उचलील, मुंगी पाहील, मागे फिरेल. लागलेला वेळ लिहून एक किलोमीटरास किती वेळ लागेल याचे त्रैराशिक मांडावे. हा आकडा पाहून वर्ग हसतो. पण पुढे तोच आकडा वेळापत्रकात घालावा लागतो तेव्हा गंभीरही होतो.

आता काळ ठरवावा. हा भाग घाईने उरकू नये, कारण आपल्या जिल्ह्यात तो सर्वांत बिकट आहे. मे महिन्याची सुटी मोठी खरी. परंतु त्या दिवसांत ऊन असे तापते की तीन वर्षांच्या मुलास दुपारी बाहेर नेणे धोक्याचे, आणि अनेक कुटुंबे मोहफूल व तेंदूपानाच्या कामात असतात. दिवाळीची सुटी धानाच्या कापणीत येते. पावसाळ्यात अरण्यातील पर्यटन बंद असते. उरतो हिवाळा, आणि हिवाळ्यात शाळा चालू! म्हणून शनिवारची सकाळची शाळा आटोपून निघावे व रविवारी परतावे, हाच मार्ग. सुदैवाने तलावावर बाहेरदेशीचे पक्षी येण्याचाही हाच काळ होय.

बस सरासरी ताशी 30 किलोमीटर जाते असे धरले तर 65 किलोमीटरांस 2 तास 10 मिनिटे लागतात. साडेबाराची बस मिळाली तर पोहोचावयास पावणेतीन होतील. धाकट्याची दुपारची झोप त्यामुळे बसमध्येच होते. योगायोगाने नव्हे, तशी बस निवडली म्हणून. मुक्कामी पोहोचून हातपाय धुऊन खाणे होईपर्यंत चार वाजतात. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे शनिवारी हाती राहतो अवघा दीड तास. एवढ्या वेळात तलावाची पाळ तेवढी पाहून होते. रविवारी सकाळी पक्षी पाहावेत, दुपारी परत फिरावे. इटियाडोह व प्रतापगड फळ्यावरून पुसले जातात. काही मुले हिरमुसतील. त्यांना पुढल्या वर्षीच्या सहलीची वेगळी यादी करू द्यावी.

तिकिटांचे गणित मुलांना फार आवडते. राज्याच्या एस. टी.त 5 वर्षांखालील मुलास तिकीट नाही, 5 ते 12 वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट. 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांस प्रवास विनामूल्य आणि 2023 पासून महिलांस निम्मे भाडे आहे. यावरून आपल्या कुटुंबास किती पूर्ण तिकिटांचे पैसे पडतील? वडिलांचे एक, आईचे अर्धे, दोन मुलांची अर्धी-अर्धी, आजी व धाकटा विनामूल्य. म्हणजे एकूण अडीच. सहा माणसे आणि अडीच तिकिटे! भाड्याचा चालू दर मुलांनी स्वतः वाहकास किंवा बसस्थानकावर विचारून आणावा. आजीचे वय सिद्ध करणारे ओळखपत्र बरोबर हवे, हेही कोणी तरी सुचवील अशी अपेक्षा ठेवावी.

सामानाच्या यादीत उकळून थंड केलेले पाणी, रात्रीच्या थंडीसाठी गरम कपडे, पूर्ण बाह्यांचे सदरे व मच्छरदाणी ही अनिवार्य होत. आपला वनप्रदेश हिवतापाचा आहे, हे मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. ओ. आर. एस.चे एक पाकीट एक लिटर पाण्यात कसे कालवावे, हे वर्गात करून दाखवावे. अर्ध्या पेल्यात अख्खे पाकीट ओतण्याची चूक मोठी माणसेही करतात, आणि तसे दाट द्रावण बाळास अपायकारक असते. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण रानात मोबाईलची लहर कोठे तुटेल याचा नेम नाही. वनविभागाच्या निवासाची व प्रवेशाची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. भरल्या घरानिशी अंधारात दारे ठोठावीत फिरणे कोणासही शोभत नाही.

पाण्याविषयीचा नियम एकच आणि तो निरपवाद : पाळीवर प्रत्येक लहान मुलामागे एक ठरलेले मोठे माणूस. 'सगळ्यांनी लक्ष ठेवावे' असे ठरविले म्हणजे कोणीच ठेवीत नाही. आपल्या कुटुंबात धाकटा आईकडे, सहा वर्षांचा वडिलांकडे. नऊ वर्षांची मुलगी आजीजवळ, पण तिला भावंडाची राखण सांगू नये. वर्गातील कित्येक मुली घरी हेच काम करीत असतात. या मुद्द्यावर त्यांचे चेहरे शिक्षकाने पाहावेत व चर्चेस पुरेसा वेळ द्यावा. नावेत बसावयाचे झाल्यास जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर, मुलाच्या मापाचे असावे. नसेल तर बसू नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. वर्गातील अनेक मुलांच्या घरी 'सहल' हा शब्दच वापरात नसतो. त्यांचे आईवडील रानात जातात ते मोह वेचण्यासाठी. मुक्कामाला जातात ते सोयरिकीस किंवा जत्रेस. 'तुम्ही सुटीत कोठे गेला होता?' हा प्रश्न अशा वर्गात विचारू नये. त्याऐवजी माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा किंवा महाशिवरात्रीची प्रतापगडची जत्रा घेऊन हाच पाठ शिकवावा. लहान मूल, गर्दी, पाणी, थंडी आणि परतीची गाडी हे सारे प्रश्न तेथे तसेच आहेत, आणि त्यांची उत्तरे या मुलांपाशी अधिक आहेत. तान्ह्या बाळाला जत्रेत कसे नेतात, काय खाऊ घालतात, चुकले तर कोठे भेटावयाचे, हे त्यांनी सांगावे व इतरांनी लिहून घ्यावे.

दोनशिक्षकी शाळेत चारही इयत्ता एकत्र बसत असतील तर नकाशा व तिकिटे चौथीकडे, दोरीचे मोजमाप तिसरीकडे द्यावे. पहिली-दुसरीच्या मुलांनी धाकट्याची पिशवी भरावी : काय हवे त्याची चित्रे काढावीत, त्या वस्तू शाळेत जमवून पिशवीत घालाव्यात आणि ती पिशवी आईने खांद्यावर घेऊन किती लांब चालता येईल, हे मैदानावरच चालून पाहावे.